फ्लॉपीवर फाईल टाकायची, ती पण मशीन वाचेल अशी: एमटूल्स वापरायची पद्धत, पायरी पायरीने

जुनी व्हीएमसी, टर्निंग सेंटर (दोन्ही धातू कापणारी, प्रोग्रामवर चालणारी सीएनसी मशीन), एम्ब्रॉयडरी मशीन, ऑर्केस्ट्रावाल्यांचे जुने कीबोर्ड, अजून बरंच काही फ्लॉपीवर चालतंय. आणि ज्यांच्याकडे चालतंय त्यांची तक्रार साधारण एकच असते, की कॉम्प्युटरवर कॉपी झाली, एरर काही आली नाही, आणि मशीनमध्ये घातली तर वाचतच नाही. दहातल्या बहुतेक वेळा फ्लॉपी बिचारी ठीक असते, पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. मेन म्हणजे एरर आली नाही याचा अर्थ कॉपी झाली असा होत नाही. फ्लॉपी ड्राईव्ह लिहिताना लिहिलेलं परत वाचून बघत नाही, तो आपला लिहून मोकळा होतो. वाचून बघायचं काम तुमचं.

खाली जे आहे ते लिनक्सवर, एमटूल्स नावाच्या कमांडलाईन टूलने. विंडोजमध्ये ड्रॅग करून टाकता येतं हे मान्य, पण तिथे आणि लिनक्सच्या फाईल मॅनेजरमध्येही काय लिहिलं गेलं, कुठल्या नावाने गेलं, हे नीट दिसत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

कमांड मी बोलून दाखवाव्या तशा लिहिल्यात. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तर सगळी स्मॉल. एमटूल्सच्या कमांड लक्षात ठेवायला सोप्या आहेत, जुन्या डॉसच्या कमांडला पुढे एम लावायचा: डिरचं एमडिर, कॉपीचं एमकॉपी, फॉरमॅटचं एमफॉरमॅट, डेलचं एमडेल.

टप्पा 1: फ्लॉपी ड्राईव्हमध्ये घालायच्या आधी डोळ्यांनी बघा

हे लोक करत नाहीत. थेट घालतात.

साडेतीन इंची फ्लॉपीचं धातूचं शटर बोटाने सरकवा, आतली काळी-तपकिरी तबकडी दिसेल. मागच्या बाजूचा धातूचा गोल हब हळूहळू फिरवत तबकडीची दोन्ही अंगं उजेडात तिरकी धरून बघा. पांढरट ठिपके, जाळीसारखे डाग किंवा गोल ओरखडे दिसले तर ती फ्लॉपी बाजूला. पांढरट म्हणजे बुरशी. आपल्याकडे कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात एखादा पावसाळा कपाटात काढलेल्या फ्लॉप्यांना हे हमखास होतं. अशी फ्लॉपी घातली की बुरशी ड्राईव्हच्या हेडला चिकटते आणि तोच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर घासला जातो, म्हणजे एकीमुळे अख्खा डबा जातो. हेड घाण झालाय असा संशय असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि क्लिनिंग फ्लॉपी, किंवा ड्राईव्ह उघडता येत असेल तर धागे न सुटणाऱ्या कापडाच्या बोळ्याने हलक्या हाताने. वरचा हेड उचलून वाकवायचा नाही, तो गेला की ड्राईव्ह गेला.

मग भोकं बघा. एका कोपऱ्यात सरकणारी खिटी असते ती राइट प्रोटेक्टची. भोक आरपार दिसतंय म्हणजे फ्लॉपी लॉक आहे, लिहिता येणार नाही. खिटीने भोक बंद म्हणजे लिहिता येतं. दुसऱ्या कोपऱ्यात अजून एक भोक असेल तर ती हाय डेन्सिटी, म्हणजे 1.44 एमबीवाली. ते नसेल तर डबल डेन्सिटी, 720 केबी.

सावधान: मशीनला 720 हवी आणि हातात 1.44 आहे, म्हणून भोकावर सेलोटेप लावून 720 फॉरमॅट करायचा जुगाड सगळ्यांना माहितीये. चालतो, कधीकधी. दोन्ही प्रकारच्या तबकडीचं चुंबकीय मटेरियलच वेगळं आहे त्यामुळे डेटा किती दिवस टिकेल सांगता येत नाही. आजच्या जॉबपुरतं ठीक, पण मास्टर कॉपी अशा फ्लॉपीवर ठेवू नका. आणि टेप आत सुटून अडकणार नाही हे बघा.

टप्पा 2: मशीनला काय हवंय ते मशीनच्याच फ्लॉपीला विचारा

नवीन फ्लॉपी बनवायच्या आधी त्या मशीनमध्ये आत्ता व्यवस्थित चालणारी एक फ्लॉपी घ्या. आधी तिची खिटी सरकवून लॉक करा, मगच कॉम्प्युटरला लावा. (ड्राईव्ह सेट करायचा असेल तर टप्पा 3 करून मग इथे या.) मग

एमडिर ए:

यादी आली तर बरं, मशीन साधं डॉस फॉरमॅट वापरतंय. फाईलींची नावं कशी आहेत, सगळी कॅपिटल आहेत का, फोल्डर आहेत का, एक्स्टेन्शन काय, हे कागदावर उतरवून घ्या. नंतर

एमइन्फो ए:

यात ट्रॅकला (तबकडीवरच्या एका गोल रेघेला) किती सेक्टर (तुकडे) ते दिसेल. 18 असेल तर 1.44, 9 असेल तर 720.

यादीऐवजी 'नॉन डॉस मीडिया' असा मेसेज आला आणि हीच फ्लॉपी मशीनमध्ये चालत असेल, तर इथेच थांबा. काही जुन्या एम्ब्रॉयडरी मशीन, सॅम्पलर (आवाज साठवून वाजवणारं वाद्य) वगैरे स्वतःचा वेगळा फॉरमॅट वापरतात, डॉसचा नाही. तिथे एमटूल्सचा उपयोग नाही आणि चुकून फॉरमॅट मारलात तर चालणारी फ्लॉपी पण जाईल.

हे झालं की त्या चालत्या फ्लॉपीची इमेज (अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल, एकाच फाईलमध्ये) काढून ठेवा, आत्ता, नंतर नाही. डीडी आयएफ=/डेव्ह/एफडी0 ओएफ=जुनी.आयएमजी (यूएसबी ड्राईव्ह असेल तर त्याचं नाव, ते पुढे येतंय). पूर्ण 1.44 फ्लॉपीची इमेज बरोब्बर 14,74,560 बाइटची येते, 720 ची 7,37,280. कमी आली तर मध्ये कुठेतरी सेक्टर वाचला गेला नाही, मग डीडीऐवजी डीडीरेस्क्यू लावा, ते अडखळलेल्या जागा सोडून बाकीचं आधी उचलतं आणि मग परत परत प्रयत्न करतं.

टप्पा 3: ड्राईव्ह नक्की कुठला ते ओळखा

जुन्या डेस्कटॉपमध्ये केबलने जोडलेला ड्राईव्ह असेल तर तो /डेव्ह/एफडी0, आणि एमटूल्स ए: म्हटलं की साधारण त्यालाच धरतं. वेगळं काही करायला लागत नाही.

यूएसबी फ्लॉपी ड्राईव्ह मात्र पेनड्राईव्हसारखा दिसतो, म्हणजे एसडीबी, एसडीसी असं काहीतरी. इथे घाई करायची नाही. बाकी सगळे पेनड्राईव्ह, बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा, फ्लॉपी घाला आणि एलएसबीएलके चालवा. ज्याची साइज 1.4 एम दाखवतोय तो आपला.

सावधान: एसडीए ही बऱ्याच कॉम्प्युटरची मेन हार्डडिस्क असते. डीडी करताना ओएफच्या पुढे चुकून ते टाकलं तर टूल काही विचारत नाही, लिहायला लागतं.

मग होम फोल्डरमध्ये .एमटूल्सआरसी नावाची फाईल बनवून (सुरुवातीचा डॉट विसरू नका) त्यात एक ओळ टाका:

ड्राईव्ह ए: फाईल="/डेव्ह/एसडीबी"

पण हे एसडीबी उद्या पेनड्राईव्ह आधी लावलात तर एसडीसी होतं. कायमचा उपाय हवा तर /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरमध्ये त्या ड्राईव्हचं लांबलचक नाव असतं, ते टाका, ते बदलत नाही.

'परमिशन डिनाइड' आलं की सगळे कमांडच्या पुढे सुडो लावतात, म्हणजे ती रूट (कॉम्प्युटरचा मुख्य अ‍ॅडमिन) म्हणून चालवतात. लावा, पण मग एमटूल्स तुमच्याऐवजी रूटच्या होममधली सेटिंग बघू शकतं, त्यात तुमची ओळ नसते, आणि मग "ए: सापडत नाही" म्हणून अर्धा तास जातो. एलएस -एल करून त्या डिव्हाईसचा ग्रुप बघा. 'फ्लॉपी' असेल तर स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट होऊन परत या. ग्रुप 'डिस्क' दाखवत असेल तर त्यात स्वतःला घालू नका, त्याने सगळ्याच डिस्कवर थेट लिहायची मुभा मिळते. तिथे सुडोच बरा, फक्त ए: न लिहिता दर कमांडला -आय आणि डिव्हाईसचं नाव द्या, आणि ए: च्या जागी दोन कोलन (::) लिहा.

तपासा: डेस्कटॉपने फ्लॉपी आपोआप माउंट केलीय का, म्हणजे फोल्डरसारखी जोडून उघडलीय का? केली असेल तर यूमाउंट करा (कमांडमध्ये यू नंतर थेट एम येतो, मधे एन नाही). माउंट असताना एमटूल्सने लिहिलं तर एकाच फ्लॉपीवर दोघं जण लिहितात, दोघांना एकमेकांचं काही माहीत नसतं, आणि फॅट टेबलची (कुठली फाईल फ्लॉपीवर कुठे आहे त्या नोंदीची) वाट लागते. फाईलींची नावं दिसतात पण उघडल्यावर कचरा, हे बऱ्याचदा यामुळेच. शिवाय फाईल मॅनेजर कधीकधी ट्रॅशचा लपलेला फोल्डर फ्लॉपीवर टाकून जातो, तो मशीनला नको असतो.

टप्पा 4: फाईली हार्डडिस्कवरच तयार करा, फ्लॉपीवर जाऊन दुरुस्त्या नकोत

एक रिकामा फोल्डर घ्या, फ्लॉपीवर जे जायचंय तेवढंच त्यात ठेवा.

नावं. आठ अक्षरं, डॉट, तीन अक्षरं, सगळं कॅपिटल, स्पेस नाही, मराठी अक्षरं नाहीत, कंस नाहीत. "शाफ्ट फायनल नवीन 2" असलं नाव दिलंत तर एमकॉपी मुकाट्याने लांब नाव लिहितं आणि मशीनला त्याचं तोडलेलं रूप दिसतं, शेवटी टिल्ड (~) आणि 1 लावलेलं. अशा चार फाईली असतील तर टिल्ड 1, टिल्ड 2, टिल्ड 3, कुठली कुठली ते ऑपरेटरने ओळखायचं कसं? चुकीचा प्रोग्राम लागला तर टूल जॉबमध्ये घुसतो, हे सीएनसीवाल्यांना सांगायला नको. म्हणून नाव तुम्हीच आखूड करा, मशीनवर सोडू नका.

दुसरं एक. लांब नाव जागा पण खातं. 1.44 फ्लॉपीच्या मुख्य यादीत 224 नोंदी बसतात, 720 मध्ये 112. लांब नावाला एकाऐवजी दोन-तीन नोंदी लागतात. त्यामुळे बारक्या बारक्या फाईली भरपूर असतील तर अर्धी फ्लॉपी रिकामी असताना 'नो डिरेक्टरी स्लॉट्स' येतं आणि माणूस चक्रावतो.

साइज. 1.44 वर खरी वापरायची जागा 14,57,664 बाइट, 720 वर 7,30,112. आणि 720 वर फाईल कितीही छोटी असली तरी कमीत कमी 1 केबी धरते, 1.44 वर अर्धा केबी. काठोकाठ भरू नका.

ओळींची शेवटं. हे फक्त टेक्स्ट फाईलींसाठी, म्हणजे जी-कोड (सीएनसीला हालचाली सांगणारा) प्रोग्राम वगैरे. लिनक्समध्ये ओळ एका खुणेने संपते, डॉसमध्ये दोन. काही कंट्रोलर एका खुणेवर अडतात, अख्खा प्रोग्राम एकाच ओळीत दिसतो किंवा पहिल्या ब्लॉकलाच थांबतो. फाईल या कमांडने तपासा, 'सीआरएलएफ' दिसलं तर डॉसवाली आहे, काही करू नका. नसेल तर युनिक्स2डॉस चालवा. एमकॉपीला -टी लावलं तर तेही हा बदल कॉपी करतानाच करतं, बरेच जण तेच सांगतात. मी सांगत नाही, कारण मग फ्लॉपीवरची फाईल आणि तुमच्या फोल्डरमधली फाईल वेगळ्या होतात आणि टप्पा 7 मधली तुलना फसते. आधीच बदलून घ्या, मग साधी कॉपी.

सावधान: एम्ब्रॉयडरीच्या डीएसटी फाईली, कीबोर्डच्या स्टाईल फाईली या टेक्स्ट नाहीत. त्यांना युनिक्स2डॉस किंवा -टी लावलंत तर डिझाईन खराब झालंच समजा, टाके भलतीकडे.

टप्पा 5: फॉरमॅट, आणि कुठला फॉरमॅट

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. एमफॉरमॅट फक्त फाईल सिस्टिम लिहितं, म्हणजे बूट सेक्टर, फॅट आणि रिकामी यादी. तबकडीवरचे ट्रॅक ते नव्याने आखत नाही. शेताचे बांध तेच, सातबारा फक्त कोरा. वीस वर्षं पडलेल्या फ्लॉपीला हे पुरत नाही, ट्रॅकच्या खुणाच पुसट झालेल्या असतात. म्हणून आधी लो लेव्हल फॉरमॅट:

केबलवाला ड्राईव्ह: एफडीफॉरमॅट /डेव्ह/एफडी0यू1440 (720 साठी शेवटी यू720)

यूएसबी ड्राईव्ह: यूएफआयफॉरमॅट -एफ 1440 /डेव्ह/एसडीबी

एफडीफॉरमॅट यूएसबी ड्राईव्हवर चालत नाही, त्यावर डोकं फोडू नका, यूएफआयफॉरमॅट वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. यूएफआयफॉरमॅट -आय केलं की तुमचा ड्राईव्ह कुठले फॉरमॅट घेतो ते सांगतं. काही यूएसबी ड्राईव्ह 720 घेतच नाहीत, आणि 5.25 इंची फ्लॉपीचा तर प्रश्नच नाही, तिला केबलवालाच ड्राईव्ह लागतो.

व्हेरिफाय करताना एरर आली तर एकदा परत करा. दुसऱ्यांदाही आली तर फ्लॉपी फेका. एमबॅडब्लॉक्स ए: ने खराब जागांवर खूण करून बाकीची वापरता येते, पण उत्पादनाच्या कामाला अशी फ्लॉपी कशाला? सोनीने जपानात फ्लॉपी विकायची 2011 मध्ये बंद केली, मान्य, चांगल्या फ्लॉप्या मिळत नाहीत, तरी वाया गेलेल्या जॉबपेक्षा फ्लॉपी स्वस्तच.

मग

एमफॉरमॅट -एफ 1440 ए:

आणि लगेच एमडिर ए:. 'नो फाईल्स' आणि खाली मोकळी जागा 14,57,664 दिसली पाहिजे. आकडा कमी असेल तर चुकीचा फॉरमॅट किंवा बॅड सेक्टर, पुढे जाऊ नका.

मशीनमध्ये स्वतःचा फॉरमॅटचा ऑप्शन असेल तर त्यानेच करून घेणं उत्तम, आणि मग इथलं काहीच करू नका, थेट कॉपीला जा. त्याचं कारण टप्पा 8 मध्ये.

टप्पा 6: कॉपी

फोल्डरमध्ये जाऊन:

एमकॉपी -एम -व्ही -क्यू * ए:

-एम ने फाईलची मूळ तारीख राहते, नाहीतर सगळ्यांवर आजची पडते आणि जुना प्रोग्राम कुठला नवा कुठला कळत नाही. -व्ही ने नावं दिसत जातात. -क्यू (हा कॅपिटल) लावला की एक फाईल फसली तर तिथेच थांबतं, नाहीतर जागा संपल्यावरही पुढच्या छोट्या फाईली घुसवत राहतं आणि मधलीच एखादी गायब.

त्याच नावाची फाईल आधीच असेल तर एमकॉपी विचारतं काय करू. वाचून उत्तर द्या, सवयीने एंटर नको. -ओ लावलं की न विचारता वर लिहितं, ते नेहमीच्या सवयीत आणू नका.

फ्लॉपीवरून उलट आणताना चांदणी अवतरणात: एमकॉपी "ए:*" . (शेवटी स्पेस आणि डॉट). अवतरण नसेल तर चांदणीचा अर्थ टर्मिनल आपल्या फोल्डरमध्ये लावायला जातं. आणि डॉसमध्ये सगळ्या फाईलींसाठी चांदणी डॉट चांदणी लिहायची सवय असते, इथे नुसती चांदणी पुरते.

मग सिंक (मेमरीत अडकलेलं सगळं लिहून टाकायची कमांड), आणि ड्राईव्हचा दिवा विझेपर्यंत हात लावायचा नाही. प्रॉम्प्ट परत आला म्हणजे लिहून झालं असं नाही.

टप्पा 7: बाहेर काढा, परत घाला, परत वाचा

सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा, आणि नेमका हाच कामाचा.

कॉपी झाल्या झाल्या वाचून बघितलंत तर कॉम्प्युटर ते मेमरीतूनच देऊ शकतो, फ्लॉपीवर काय आहे ते नाही. म्हणून फ्लॉपी बाहेर काढा, खिटी लॉक करा, परत घाला. यूएसबी असेल तर केबल पण काढून लावा. आता एका नवीन रिकाम्या फोल्डरमध्ये एमकॉपी "ए:*" . करून सगळं परत आणा आणि डिफ -आर ने दोन्ही फोल्डर ताडून बघा. काहीच छापलं नाही म्हणजे जुळलं. एकाच फाईलचं बघायचं तर सीएमपी.

वाचताना ड्राईव्हचा आवाज पण ऐका. एकसारखी टकटक असेल तर ठीक. मध्येच थांबून परत मागे जाऊन घर्र घर्र करत असेल तर एरर नाही आली तरी फ्लॉपी अखेरच्या घटका मोजतेय, दुसरी घ्या.

दर आठवड्याला तीच फ्लॉपी बनवावी लागत असेल तर इमेज बनवून ठेवणं सोयीचं. एमफॉरमॅट -सी (कॅपिटल) -एफ 1440 -आय जॉब.आयएमजी :: ने हार्डडिस्कवर कोरी इमेज तयार होते, एमकॉपी -आय जॉब.आयएमजी -एम * :: ने त्यात फाईली जातात, आणि मग डीडीने आयएफमध्ये इमेज, ओएफमध्ये ड्राईव्ह, शेवटी कॉन्व्ह=एफसिंक. तुलना पण सोपी, परत घातल्यावर सीएमपी जॉब.आयएमजी /डेव्ह/एफडी0. हीच इमेज पुढे मशीनला फ्लॉपीऐवजी पेनड्राईव्हवाला इम्युलेटर बसवलात तर तिथेही चालते.

टप्पा 8: मशीनवर नेताना, आणि तरी वाचलं नाही तर

वर्कशॉपमध्ये फ्लॉपी खिशात आणि खिशाशेजारी डायल गेजचा मॅग्नेट स्टँड, हे रोजचं दृश्य. मॅग्नेटिक चक, स्पीकर, मोटर यांच्यापासून लांब, डबीत ठेवा. कूलंटचा हात लावू नका. एसीतून एकदम बाहेर आणली तर थोडा वेळ तशीच राहू द्या.

तुमच्याकडे डिफ स्वच्छ आलाय आणि मशीन तरी वाचत नाही, तर या क्रमाने बघा. आधी मशीनची ती जुनी चालणारी फ्लॉपी परत घाला. ती पण वाचत नसेल तर मशीनच्या ड्राईव्हचा हेड घाण आहे, तुमच्या फ्लॉपीचा दोष नाही. ती वाचली आणि तुमची नाही, तर डेन्सिटी आणि नावं पुन्हा तपासा. तेही बरोबर असेल तर हेडची अलाइनमेंट: दोनपैकी एका ड्राईव्हचा हेड किंचित सरकलेला आहे, त्यामुळे प्रत्येक जण स्वतः लिहिलेलं नीट वाचतो, दुसऱ्याचं नाही. उपाय म्हणजे फ्लॉपी मशीनमध्येच फॉरमॅट करून आणायची आणि इकडे फक्त एमकॉपी. तेवढ्यानेही जमलं नाही तर दुसऱ्या ड्राईव्हवरून लिहून बघा, आणि ज्या ड्राईव्हने लिहिलेलं मशीन वाचतं त्याच्यावर मशीनच्या नावाची चिठ्ठी चिकटवून तो त्याच कामाला बाजूला ठेवा.